इंग्लंडमध्ये घराजवळच्या पबमध्ये रविवारी जेवायला जायचंय. आम्ही दारू पीत नाही, मी बीफ खात नाही, बायको पूर्ण शाकाहारी. काय लक्षात ठेवावं?

दारू न पिण्याची काळजी सोडा. रविवारी दुपारी पबमध्ये आजी-आजोबांपासून बाबागाडीतल्या बाळापर्यंत सगळं घर जेवायला आलेलं असतं. कोण काय पितंय याकडे कुणी बघत नाही. खरी मेख ताटात आहे.

‘संडे रोस्ट’ म्हणजे भाजलेल्या मांसाचे काप, रोस्ट बटाटे, गाजर, पार्सनिप, कोबी, यॉर्कशायर पुडिंग आणि वरून ग्रेव्ही, म्हणजे मांसाच्या रसाचा सॉस. मांस डोळ्यांना दिसतं, चरबी दिसत नाही. बटाटे कुरकुरीत व्हावेत म्हणून बरेच जण ते बीफ ड्रिपिंगमध्ये, म्हणजे गाईच्या वितळवलेल्या चरबीत भाजतात. काही ठिकाणी हंसाची चरबी वापरतात. यॉर्कशायर पुडिंग गोड नसतं. मैदा, अंडी आणि दूध यांचं धिरड्याइतकं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत किंवा तेलात ओतून ओव्हनमध्ये फुगवतात. शिवाय गर्दीच्या दिवशी अनेक स्वयंपाकघरांत सगळ्या मांसांना एकच ग्रेव्ही असते. म्हणजे तुम्ही चिकन मागवलंत म्हणून बीफ टळलंच असं नाही. ऑर्डर देतानाच विचारा: ‘बटाटे तेलात की ड्रिपिंगमध्ये? ग्रेव्ही कशाची?’ विचारण्यात संकोच नको. १४ ठरावीक ॲलर्जींची माहिती देणं तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे, त्यामुळे अशा प्रश्नांची त्यांना सवय असते. मात्र चरबी त्या १४ मध्ये येत नाही, म्हणून ती वेगळी विचारावी लागते.

वहिनींसाठी एक गोष्ट अधिक महत्त्वाची. तिथल्या ‘व्हेजिटेरियन’मध्ये अंडं चालतं. मेन्यूवर नुसता ‘व्ही’ असेल तर अंडं गृहीत धरा. त्या अंडं खात नसतील तर सरळ व्हीगन रोस्ट मागवा. व्हीगन म्हणजे प्राण्यापासून आलेलं काहीच नाही, त्यामुळे चरबी, अंडं आणि चीजमधलं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते, बरेचदा वासराच्या जठरातलं द्रव्य) हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात मिटतात. बहुतेकदा तो नट रोस्ट असतो: सुकामेवा, ब्रेडचा चुरा आणि भाज्या यांची भाजलेली वडी. माझ्या मते तो हटकून कोरडा होतो, तेव्हा व्हीगन ग्रेव्ही जास्तीची मागून घ्या.

वेळ शक्यतो साडेबारा-एकची धरा, आणि फोन करून टेबल राखून ठेवा. उशिरा गेलं की मांस वाळलेलं, बटाटे चामट आणि पुडिंग गरम ठेवणाऱ्या दिव्याखाली ठेवून मऊ पडलेलं मिळतं. चार-पाचच्या सुमाराला रोस्ट संपतो, आणि रविवारी संध्याकाळी कित्येक पबांचं स्वयंपाकघर बंदच असतं.

नवख्यांची सगळ्यात मोठी फजिती वेटरची वाट बघण्यात होते. आत शिरताच विचारा, ‘ऑर्डर बारवर द्यायची का?’ बहुधा उत्तर ‘हो’ येईल. टेबलाचा नंबर बघून ठेवा, काउंटरवर जाऊन ऑर्डर द्या, पैसे तिथेच भरा. बारपाशी रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांच्या ध्यानात असतं. नोट हलवणं, चुटकी वाजवणं अजिबात नको. नजरानजर झाली की पुरे.

पेयांत नावं फसवतात. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस नव्हे, दारूच. शँडीत बिअर असते. लेमोनेड मात्र बिनधास्त घ्या, फक्त ते लिंबू सरबत नसून गोड, फसफसणारं पेय असतं. लाइम अँड सोडा स्वस्त आणि बरा. नळाचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं.

मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला असतो. बारवर ऑर्डर दिली तर टिप अपेक्षित नसते. टेबलावर बिल आलं तर त्यात सर्व्हिस चार्ज, बरेचदा १२.५ टक्के, लावलाय का ते बघा. ‘डिस्क्रिशनरी’ (ऐच्छिक) लिहिलं असेल तर तो काढायला सांगता येतो. लावलेला असेल तर वर आणखी टिप ठेवू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून ही रक्कम मालकाला स्वतःकडे ठेवता येत नाही, कर्मचाऱ्यांनाच द्यावी लागते.

शेवटी गोड. ‘पुडिंग’ म्हणजे सहसा जेवणानंतरचा गोड पदार्थ, पण ब्लॅक पुडिंग हे रक्ताचं सॉसेज असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. खजुराच्या स्टिकी टॉफी पुडिंगमध्ये सहसा अंडं असतं. अंडं नको तर ॲपल क्रंबल घ्या: शिजवलेल्या सफरचंदांवर मैदा, लोणी आणि साखरेचा भुगा. त्याबरोबर येणारं कस्टर्ड पावडरचं आहे का एवढं विचारा. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ही बिनअंड्याची पावडर बनवली, कारण त्यांच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं.