गिऱ्हाईक दारात, फाइल बेपत्ता

प्रश्न : माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, सोसायटीच्या याद्या असं कितीतरी वर्षांचं काम एकाच संगणकावर पडून आहे. गिऱ्हाईक समोर उभं असतं आणि विंडोजच्या सर्चमधली हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकत राहते. काही उपाय? शिवाय मराठी मजकूर टाकून शोधलं, तर काहीच का सापडत नाही?
– एक वाचक, कवठे महांकाळ

उत्तर : पहिल्या दुखण्यावर औषध आहे आणि तेही फुकट. 'एव्हरीथिंग' नावाचं छोटं सॉफ्टवेअर व्हॉइडटूल्सच्या साइटवरून उतरवून घ्या. तिथूनच घ्या, इतर डाउनलोड साइटवर काय काय गळ्यात पडेल, सांगता येत नाही.

विंडोज आपण होऊन ठरावीक फोल्डरांचीच सूची तयार ठेवतं. तुमचं काम असणार डी नाहीतर ई ड्राइव्हवर, म्हणून तिथे एकेक फोल्डर उघडून बघत बसतं. एव्हरीथिंग त्या फंदात पडत नाही. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर प्रत्येक फाइलची नोंद मास्टर फाइल टेबलमध्ये असतेच, ती ते थेट वाचतं. दहा लाख फाइली असल्या तरी पहिल्या वेळी साधारण मिनिटभर. पुढे अक्षर टाइप करताच यादी समोर. पेन ड्राइव्ह मात्र यादीत आपोआप येईलच असं नाही. तो ऑप्शन्समध्ये जाऊन जोडावा लागतो.

नाव पूर्ण आठवायला नको. 'पाटील' आणि 'लग्न' मध्ये जागा सोडून कुठल्याही क्रमाने टाका, चालतं. फक्त पेजमेकरच्या, म्हणजे पानं मांडायच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरच्या, फाइली हव्यात? ईएक्सटी, कोलन, पीएमडी, अर्धविराम, पी६५ असं इंग्रजीत सलग टाइप करा. सातव्या आणि साडेसहाव्या, दोन्ही आवृत्त्यांच्या फाइली येतील. मग तारखेच्या रकान्यावर क्लिक केलं की ताजं काम वर.

फाइलींची नावं मराठीत असतील, तर एक गंमत बघा. 'शेतकऱ्यांची यादी' मधला 'ऱ्या' युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे टाइप होतो: कुणी नुक्त्याचा ऱ वापरतं, कुणी साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडखूण लावतं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. तेव्हा शहाणपणा न करता नुसतं 'शेतक' टाका.

आता दुसरा प्रश्न. एव्हरीथिंगचा जोर नावांवर आहे. फाइलीच्या पोटातलंही ते शोधू शकतं, पण त्याची सूची नसल्याने वेळ लागतो. आणि तुमचं जुनं काम श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधलं असणार. त्यात 'अहवाल' दिसतो तो फॉन्टच्या कृपेने. आत साठवलेली असतात भलतीच अक्षरं. युनिकोडमध्ये 'अहवाल' टाकून ते कुठलंच सॉफ्टवेअर शोधून देणार नाही. जुनं सगळं युनिकोडमध्ये बदलत बसा, असं मी सांगणार नाही. धंदा कधी करणार? नवीन कामापासून मात्र फाइलीला गिऱ्हाइकाचं नाव, काम आणि वर्ष द्या. 'फायनल नवीन २' अशा नावाच्या फाइली एव्हरीथिंग क्षणात शोधेल, पण त्यातली पाटलांची कोणती, ते तुम्हालाच उघडून बघावं लागेल.