45 एचपीच्या ट्रॅक्टरला किती इंची वुड चिपर घ्यावा आणि त्याची निगा कशी राखावी?

तुमच्याकडे 45 एचपीचा ट्रॅक्टर आहे, बागेतल्या छाटणीच्या फांद्या बारीक करायच्या आहेत आणि विक्रेता 8 इंची चिपर घ्या म्हणतोय. मी सांगेन, 6 इंची घ्या आणि वाचलेले पैसे हायड्रॉलिक रोलर असलेल्या मॉडेलवर घाला.

ट्रॅक्टरवर लिहिलेले 45 एचपी इंजिनाचे असतात. पीटीओपर्यंत, म्हणजे जोडलेलं मशीन फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यापर्यंत, त्यातले साधारण 38 ते 40 पोचतात आणि चिपरला कामाला येतात तेवढेच. 8 इंची मशीन त्यावर रिकामं फिरेल, पण तेवढं जाड, कठीण लाकूड घातलं की इंजिन दबेल. शिवाय छाटणीच्या फांद्या सरळ कुठे असतात? 4 इंच जाडीची फांदी बेचक्यासकट 10 इंच जागा मागते. म्हणून किती इंची लाकूड चालतं यापेक्षा तोंड किती रुंद आहे ते टेप लावून मोजा. अरुंद तोंडाचं मशीन घेतलंत तर निम्मा वेळ कोयत्याने बेचकी तोडण्यात जाईल.

रोलर फांदी स्वतः ओढून घेतात. चांगल्या मॉडेलमध्ये फेरे कमी झाले की रोलर आपोआप थांबतात आणि पाती बसवलेल्या चकतीने वेग धरला की पुन्हा सुरू होतात. रोलर नसलेल्या मशीनमध्ये माणूस ढकलत राहतो आणि नकळत हात तोंडाजवळ जातो. पैसे तिथे घाला म्हणालो ते मुख्यतः यासाठी.

चिपर डिस्कचा (चकतीचा) की ड्रमचा, यात फार अडकू नका. तुमच्या कामाला डिस्क पुरते. तुमच्या ट्रॅक्टरला स्वतंत्र पीटीओ (ट्रॅक्टरच्या क्लचपासून वेगळा चालणारा) नसेल तर मात्र ट्रॅक्टर आणि चिपर जोडणाऱ्या शाफ्टला ओव्हररनिंग क्लच हवाच. तो नसला तर तुम्ही क्लच दाबल्यावरही फिरती जड चकती ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहते.

शाफ्टची लांबी जोडण्याआधीच बघा. मशीन वर-खाली करताना शाफ्टच्या दोन नळ्या कुठेही एकमेकींत पूर्ण रुतता कामा नयेत, नाहीतर सगळा धक्का बेअरिंगवर येतो. कामाच्या स्थितीत त्या निदान एक तृतीयांश एकमेकींत राहायला हव्यात. शाफ्ट कापावा लागला तर दोन्ही नळ्या आणि त्यांवरची प्लास्टिकची कव्हरं सारख्याच मापाने कापा.

आता पात्यांबद्दल, कारण चिपरचं सगळं काम तिथेच होतं. धार गेल्याचं मशीन स्वतः सांगतं. ढलप्या स्वच्छ कापलेल्या न पडता चिंध्यांसारख्या तंतुमय येतात, बारीक भुसा वाढतो, फांदी आत न जाता नाचते. माझ्या मशीनला हे सगळं झालं तेव्हा मी पात्यांना धार लावून आणली आणि तरी फरक पडेना. पुढचे दोन महिने मी ट्रॅक्टरलाच दोष देत होतो. खरी गोष्ट अशी की घासल्यामुळे पाती आखूड झाली होती आणि फिरतं पातं व स्थिर पातं यांच्यातली फट वाढली होती. लाकूड कापलं जात नव्हतं, त्या फटीत चेंगरलं जात होतं. ही फट बहुतेक मशीनमध्ये 1 ते 2 मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा पुस्तिकेत मिळतो. धार लावल्यावर दरवेळी चकती हळूहळू फिरवत प्रत्येक पात्यापाशी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून बघा. त्या वेळी बोटं पात्याच्या वाटेत नकोत, चकती जड असते आणि स्वतःहून फिरते.

धार मूळ कोनातच लावा. घासताना पातं निळं पडलं तर त्याचं पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. सगळी पाती एकदम आणि सारखीच घासा, कारण वजनात फरक पडला की चकती थरथरते आणि बेअरिंग जातं. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. किती तासांनी धार लावायची याचं उत्तर तुमच्या फांद्यांवर आहे. मातीत ओढत आणलेल्या फांद्या, मुळं आणि खिळा किंवा तार राहिलेलं लाकूड एका दिवसात पाती खराब करतं. ओल्या, स्वच्छ फांद्या सोप्या जातात, म्हणून छाटल्यावर वाळेपर्यंत थांबू नका.

शाफ्टच्या क्रॉसना (दोन्ही टोकांच्या वळणाऱ्या सांध्यांना) ग्रीस साधारण 8 तासांनी. बेअरिंगचं पुस्तिकेप्रमाणे. शिअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटला तर त्याच जातीचा घाला. जास्त कडक बोल्ट घातला तर तो वाचतो आणि गिअरबॉक्स तुटतो.

फांदी घालताना बुंध्याकडचं टोक आधी घाला आणि बाजूला उभे राहा. सैल बाह्या, गमछा, लांब मनगटाचे हातमोजे नकोत, डोळ्यांना चष्मा हवा. आखूड तुकडे हाताने ढकलू नका, पुढच्या लांब फांदीने सरकवा. पीटीओच्या मिनिटाला 540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 9, आणि फांदीत अडकलेली बाही सोडवायला तेवढा वेळ मिळत नाही. मशीन तुंबलं तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. पीटीओ बंद केल्यावरही चकती बराच वेळ फिरत राहते, ती पूर्ण थांबल्याची खात्री होईपर्यंत झाकण उघडू नका.