फ्रँचायझी आपल्या स्वभावाला झेपेल का, हे आधी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दारव्हा तालुक्यातले आहात, चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी, म्हणजे कंपनीचं नाव आणि पद्धत वापरून आपलं दुकान चालवायचा करार, घ्यायचा विचार आहे, मेहनतीला मागे हटत नाही, पण ‘कोणाचं ऐकून काम करायची सवय नाही’. भाऊ, अर्धं उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातच बसस्टँडसमोर 6 वर्षांपासून असं दुकान चालवतो, म्हणून पैशाचं बाजूला ठेवून स्वभावाचंच बोलतो.

कपाशीवर फवारणी करताना पंपात औषध मापाने टाकता की झाकणाने, अंदाजे? ‘एवढ्याने काय होते’ म्हणून वरून थोडं आणखी ओतता का? माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी खूण आहे. आमच्याकडे पाणी किती, दूध किती, मसाला किती चमचे, उकळी किती मिनिटं, सगळं काउंटरमागच्या कागदावर लिहिलेलं आहे. त्या कागदाचे कोपरे वाफेने पिवळे पडले, मजकूर तोच आहे. ज्याला आपल्या अंदाजाचा अभिमान आहे, त्याला तो कागद रोज टोचतो.

हे दुकान आधी माझ्या चुलतभावाचं होतं. त्याच्या हाताला अशी चव की तर्री-पोह्यासाठी लोक एक एसटी सोडून दुसरीची वाट पाहायचे. आपल्याकडच्या लोकांना गोड लागतं म्हणून त्याने चहात साखर वाढवली. मग आलं वाढलं. मग काउंटरवर पोह्याचं पातेलं आलं. गिऱ्हाईक खूश होतं, हे खरंच आहे. पण तपासणीला आलेल्या माणसाने पातेल्याचा फोटो काढला, दोन नोटिसा आल्या, आणि दीड वर्षात कंपनीच्या संमतीने करार माझ्या नावावर झाला. आज त्याची स्वतःची पोह्याची गाडी आहे आणि सकाळी तिथे उभं राहायला जागा नसते. तो कमी पडला नव्हता, चुकीच्या जागी उभा होता. मला हे फार मनापासून सांगायचं आहे, कारण त्या दीड वर्षात तो स्वतःला नालायक समजू लागला होता.

डोक्यात कल्पना येणं वाईट नाही. मॅकडोनाल्डचा मासळीचा बर्गर 1962 मध्ये सिनसिनाटीच्या लू ग्रोन या फ्रँचायझीवाल्यानेच काढला. त्याच्या भागातले कॅथलिक लोक शुक्रवारी मांस टाळायचे आणि त्या दिवशी धंदा बसायचा. पण त्याने तो गुपचूप विकला नाही, कंपनीला पटवून मंजुरी घेतली. तुम्हीही विचाराल, पण ‘नाही’ उत्तर आलं तर दुसऱ्या दिवशी तेवढ्याच मनाने शटर उघडाल का?

दुसरी खूण रॉयल्टीची, म्हणजे कंपनीला नियमित द्यायच्या हिश्श्याची. ती बहुतेक करारांत नफ्यावर नाही, विक्रीवर असते. समजा महिन्याला 2 लाखांची विक्री आणि 5 टक्के रॉयल्टी, तर 10,000 गेले. मे महिन्याच्या उन्हात दुपारभर बसस्टँड ओस पडून तुमच्या हाती काही न उरलं, तरी त्या विक्रीवरची रॉयल्टी द्यावीच लागते. कधी मक्त्याने वावर केलं असेल, तर पीक कमी आलं आणि मक्ता द्यायची वेळ आली तेव्हा मनात काय आलं ते आठवा. ‘राबतो मी, त्यांनी काय केलं?’ हे ज्याच्या मनातून जात नाही, तो दर महिन्याला कडू होत जातो.

आणि उधारी. कापसाचा चुकारा आला की देतो, असं सख्खा मामा म्हणाला तर हसून नाही म्हणता येतं का? मला पहिल्या वर्षी येत नव्हतं. आता बायको काउंटरवर बसते, तिला येतं. म्हणून स्वभाव एकट्याचा नाही, दोघांचा तपासा.

अमेरिकेत करारावर सही व्हायच्या किमान 14 दिवस आधी कंपनीला फ्रँचायझी घेणाऱ्याच्या हाती माहितीचा एक दस्तऐवज द्यावा लागतो. वर्षभरात फ्रँचायझी सोडून गेलेल्यांची नावंही त्यात असतात. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून तुम्हीच दोन सोडून गेलेले शोधा आणि ‘का सोडलं’ एवढंच विचारा. त्यानंतर एखाद्या चालू दुकानात 15 दिवस बिनपगारी काम करा, पहाटेच्या पहिल्या एसटीच्या आधीपासून. तिथला मालक जे सांगेल तेच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. सोळाव्या दिवशी परत जावंसं वाटलं, तर पैशाचं बोलायला मला लिहा.