कपाळ मोठं आहे, ऑपरेशन करू का?

प्रश्न : माझं वय 27. कपाळ लहानपणापासून मोठं. भुवईपासून केसांपर्यंत टेपने मोजलं तर 8 सेंमी भरतं. भरतनाट्यम करत असल्याने बरीच वर्षं घट्ट अंबाडा घालते. आता कानशिलांवरही केस विरळ वाटतात. एका क्लिनिकमध्ये बघताक्षणी '3000 ग्राफ्ट (डोक्यामागून काढून पुढे लावायचे केसांचे पुंजके) करून टाका' म्हणाले. कपाळाची कातडी कापून केस खाली आणतात, असंही ऐकलंय. काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : पैसे भरले नाहीस ना अजून? मग आधी केस मागे बांधलेला लहानपणचा फोटो शोध. त्यातही कपाळ असंच दिसत असेल, तर ती तुझी ठेवणच आहे. कानशिलांचं मात्र वेगळं. खिडकीच्या उजेडात बघ. विरळ जागेच्या अगदी कडेला लवेसारखे बारीक केस टिकून असतील, तर बहुधा तो अंबाड्याचा ताण. कार्यक्रमापुरताच घट्ट बांध, तालमीला सैल वेणी चालते. गुरूंना माझं नाव सांग. कड गुळगुळीत असेल आणि भुवयाही विरळ होत असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. केसांची मुळं नष्ट करणारा एक आजार असा सुरू होतो. तो चालू असताना लावलेले केसही जातात.

आता कातडीचं ऑपरेशन. केसांच्या कडेमागे बोटं टेकवून डोक्याची कातडी पुढे-मागे सरकव. सहज सरकली तर एका बैठकीत कड साधारण 2-3 सेंमी खाली येते. घट्ट असेल तर आधी कातडीखाली फुगा ठेवून काही आठवडे ती ताणावी लागते. तेवढे दिवस डोकं फुगलेलं दिसतं, हे आधी कुणी सांगत नाही. छेद केसांच्या कडेलाच, तिरका घेतात, म्हणजे व्रणातून केस उगवतात. डोक्याचा वरचा भाग काही महिने बधिर राहतो. फणी फिरवली तरी कळत नाही. फरक लगेच दिसतो, पण मधोमध. कानशिलं फारशी भरत नाहीत. आईचे किंवा मावशीचे केस पुढून गेले असतील तर मी हे ऑपरेशन टाळेन, कारण कड मागे सरकली की व्रण उघडा पडतो.

केसरोपणात, म्हणजे त्या ग्राफ्टच्या पद्धतीत, व्रणाची रेघ कपाळावर येत नाही आणि कानशिलंही भरता येतात. लावलेले केस महिन्याभरात गळतात, त्याने घाबरू नकोस. तीन-चार महिन्यांनी नवे येऊ लागतात. खरं रूप दिसायला वर्ष लागतं. पण डोक्यामागचा साठा एकदाच वापरता येतो, म्हणून मागचे केस न तपासता सांगितलेला 3000 चा आकडा मला पटत नाही.

तुझी कानशिलं बघता मी रोपणाकडे झुकेन, तेही ताण थांबवून काही महिने गेल्यावर. क्लिनिकमध्ये एक विचार : छेद कोण देणार, डॉक्टर की टेक्निशियन? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्येच बजावलंय, ही शस्त्रक्रिया यूट्यूब बघून शिकायची नाही.