मांजरांसाठी गॅलरी बंद करताय? आधी जाळी नीट निवडा

पहिल्यांदाच करताय, तर झोपाळे, फळ्या नंतर बघू. आधी जाळी. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजर दातांनी कुरतडतं. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी वजनाने सैल पडते. एक इंची चौकोनाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश (जस्ताचा मुलामा दिलेली, वेल्डिंगने जोडलेल्या तारांची जाळी) घ्या, पावसाळ्यातही टिकेल.

- जाळी नुसत्या तारेने बांधू नका. चौकटीवर दर 15 सेंमीला स्क्रू आणि रुंद वॉशर लावा.
- वरची बाजू बंदच हवी. जाळीवर मांजर सरसर चढतं.
- पाइपाभोवतीची फट हमखास राहून जाते, पिल्लू तिथूनच निसटतं.
- निम्म्या भागावर सावली करा, पाणी ठेवा.

कुंडीत लिली असेल तर आजच घराबाहेर काढा. तिच्या परागकणांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.