विचारा, सांगतो : ते कुत्र्याच्या जाहिरातीतलं गाणं

प्रश्न : लहानपणी टीव्हीवर एका मुलाच्या मागं मागं जाणारा छोटा कुत्रा दिसायचा, मोबाईल कंपनीची जाहिरात होती. त्यातलं इंग्रजी गाणं कुठल्या पिक्चरचं? भावाशी पैज लागलीय. (जुळे सोलापूर)

उत्तर : पिक्चरचं नाहीच ते, जाहिरातीसाठीच केलेलं. 2003 ची हचची जाहिरात, कुत्रा पग जातीचा, पुढं 2007 मध्ये हचचं व्होडाफोन झालं तरी पग टिकला. मला यातली आवडणारी गोष्ट म्हणजे कुणी काही बोलत नाही, रेट नाही, ऑफर नाही, सगळं गाणंच सांगतं, आणि इंग्रजी न येणारी आपली माणसंपण ती चाल गुणगुणायची.

एअरटेलची ट्यून तर ए. आर. रहमाननी 2002 मध्ये केली, तिला शब्दच नाहीत, तरी नव्या पेठेत कुणाच्या खिशात वाजली की ओळखायला येईल. 2011 चं 'हर एक फ्रेंड जरुरी होता है' राम संपतचं, तेपण जाहिरातीसाठीच बनवलेलं. अशा कामाला लोक नुसतं जिंगल म्हणून सोडून देतात ते मला अजिबात पटत नाही, तीस-चाळीस सेकंदात चाल डोक्यात बसवायची म्हणजे मोठं काम आहे.

भाऊ पिक्चरचं म्हणत असेल तर पैज तुम्ही जिंकलात.