एकच अ‍ॅल्युमिना, दोन आकडे

प्रश्न: अ‍ॅल्युमिनावर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडवर, प्लॅटिनम चढवलेला उत्प्रेरक नायट्रोजनने दोनदा मोजला. आधी ग्रॅममागे १८२ चौरस मीटर पृष्ठफळ आलं, आठवड्याने २१४. यंत्र बिघडलंय का? आणि यावरून उघडं प्लॅटिनम किती ते कळेल का?

उत्तर: यंत्राला बोल लावायची घाई नको. अशी तक्रार आली की मी आधी एवढंच विचारते, वजन कधी केलंत? तुम्ही पाठवलेल्या नोंदीतच चोर सापडला. दोन्ही वेळा ०.२५० ग्रॅम नमुना घेतलात. पहिल्यांदा तेच वजन हिशेबात धरलंत. दुसऱ्यांदा डिगॅसिंगनंतर, म्हणजे नमुना तापवून त्यात अडकलेलं पाणी आणि वायू काढल्यावर, पुन्हा तोललात, तर भरलं ०.२२५. दहावा हिस्सा नुसतं पाणी! १८२ ला २५० ने गुणा, २२५ ने भागा: २०२. उरलेली तूट डिगॅसिंगची. आधी १२० अंशांवर तासभर, नंतर ३०० अंशांवर रात्रभर, असं तुम्हीच लिहिलंय. बारीक छिद्रांतलं पाणी तासाभरात हलत नाही, आणि ते बसलंय तिथे नायट्रोजन शिरणार कुठून?

मुळात यंत्र मोजतं तो दाब. ठरावीक आकारमानातला वायू नमुन्याच्या नळीत सोडायचा. नळीतली मोकळी जागा हेलियमने काढलेली असते, कारण तो जवळजवळ चिकटतच नाही. हिशेबात जेवढा वायू कमी पडतो, तेवढा नमुन्यावर बसला. मग ब्रुनॉअर, एमेट आणि टेलर यांच्या १९३८ च्या समीकरणाने एका थरात किती रेणू मावतात ते काढायचं आणि रेणूमागे ०.१६२ चौरस नॅनोमीटर धरायचे. हे सगळं उणे १९६ अंशांवर. एकदा ड्युअरमधला, म्हणजे थर्मासासारख्या भांड्यातला, द्रव नायट्रोजन दोन बोटं उतरलेला माझ्या लक्षातच आला नाही. वरची नळी कोमट झाली, दाब वाढला, आणि बसलेल्या वायूचा चढत जाणारा आलेख शेवटी खाली वाकला. अख्खी दुपार वाया.

प्लॅटिनमचं म्हणाल तर, नाही. नायट्रोजन अ‍ॅल्युमिना आणि धातू यांत भेद करत नाही. त्यासाठी हायड्रोजन घ्या, तो घट्ट बसतो तो धातूवर. नमुन्याचं आधी हायड्रोजनमध्येच क्षपण करा, म्हणजे प्लॅटिनमवरचा ऑक्सिजन काढून टाका, गरम असतानाच निर्वात करून तो हायड्रोजन पूर्ण काढा, मग साधारण ३५ अंशांवर नवा हायड्रोजन सोडून किती बसतो ते मोजा. पुन्हा निर्वात करून दुसऱ्यांदा मोजा. दुसऱ्या खेपेला बसतो तो सैल धरलेला वायू, तो पहिल्यातून वजा करा. उरलेल्या हायड्रोजनचा एक अणू म्हणजे पृष्ठावरचा प्लॅटिनमचा एक अणू, असं सहसा धरतात. रेणू नव्हे, अणू. इथे चुकलात तर उत्तर निम्मं येईल.